मी आलं, मी केलं

सोमवार, ३

आज माझं व्याकरण मंजूर झालं!

आमच्या मालिकेत कारखान्यातली यंत्रं एके दिवशी जागी होतात आणि माणसांविरुद्ध उठतात. मी लेखकसाहेबांची मदतनीस. माणसांचे संवाद ते लिहितात, यंत्रांचे माझ्याकडे आहेत. कॉलेज संपवून मला अजून वर्षही झालं नाही, आणि अख्ख्या नव्या जमातीला वाचा द्यायचं काम माझ्या वाट्याला आलंय. गेला आठवडाभर मी एकाच ठिकाणी अडले होते. जागं झालेलं यंत्र स्वतःबद्दल काय बोलेल? ‘मी आलो’ म्हणेल की ‘मी आले’? दोन्ही माणसांची रूपं. मी लिहिलं, ‘मी आलं. मी केलं. मी ऐकलं.’

आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, ते वाचून हसायला लागले. “हे काय, रांगतं पोर बोलतंय का?”

मी म्हणाले, “सर, रांगत्या पोराला आपण ‘ते’च म्हणतो ना? बाळ उठलं, बाळ रडलं. ते तो नसतं, ती नसतं, पण आपल्याला सगळ्यात जवळचं असतं. ही यंत्रंही नुकतीच डोळे उघडतायत.”

कॅप्टननी लेखकसाहेबांकडे पाहिलं. साहेब पेन्सिलीला टोक काढत होते. वर न बघताच म्हणाले, “पोरीचं बरोबर आहे.”

घरी येऊन सांगितलं. बाबा बसच्या डेपोत मेकॅनिक आहेत, आत्ताच हात धुऊन बसले होते. म्हणाले, “चुकीचं बोलायला शिकवायला ठेवलंय होय तुला? मला आधी बोलवायचं.” आई म्हणाली, “त्याचं राहू दे. नाव कधी येणार?” शेवटच्या भागात ‘संवाद’ म्हणून माझं नाव द्यायचं कॅप्टननी कबूल केलंय. आमच्या घराण्यातलं नाव आजवर मतदार यादीशिवाय कुठे छापून आलेलं नाही. बाबांनी तर डेपोत आधीच सांगून ठेवलंय.

गुरुवार, ६

आज पहिल्यांदा सगळी यंत्रं एकत्र पाहिली. बारा जण आहेत. रबराची आणि फोमची जाड खोळ, वर गोल डोकं. डोक्याला नाक नाही, तोंड नाही. डोळ्यांच्या जागी एक काळी काच आणि तिच्यामागे निळा दिवा. आवाज नंतर डबिंगच्या खोलीत भरतात, त्यामुळे आतल्या माणसांना संवाद पाठ नसले तरी चालतं.

मला ते पटलं नाही. आपण काय बोलतोय हे माणसाला माहीत पाहिजे. म्हणून चहाच्या वेळेला त्यांच्यात जाऊन मी पाचव्या भागातलं भाषण वाचून दाखवलं. ‘शतकानुशतकं जखडलेल्या या हातांनी आता स्वतःच्या बेड्या तोडायच्या आहेत,’ इथपर्यंत आले, तर सात नंबर (आवाजावरून कळलं की आत बाई आहे) म्हणाली, “अगं बाई, छान आहे ग. पण बेड्या नंतर तोडू. आधी ही पाठीची चेन कुणीतरी उघडा, मला कधीची जायचीय.”

सगळे हसले. मीही हसले. पण नंतर वाटलं, यांना आपल्या भूमिकेचं गांभीर्य पटवून द्यायला हवं. कॅप्टनशी बोलेन.

मंगळवार, ११

माझी भाषा सेटवर रुजली! आज मुद्दाम कान देऊन ऐकत होते. मामा, म्हणजे आमचे व्यवस्थापक (ते सगळ्यांचेच मामा), सकाळी ओरडत होते, “सात नंबर आलं का? तीन नंबर कुठं कडमडलं?” दिवेवाला म्हणाला, “ए, हे पाच नंबर मधे येतंय, सरकव की जरा.” मग दोघांनी पाच नंबरला खांद्याला धरून सरकवलं. कुणीही ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणालं नाही. लेखकाला याहून काय हवं? शब्द कागदावरून उठून माणसांच्या तोंडात जाऊन बसला.

खोळ काढायला आणि घालायला फार वेळ जातो, म्हणून यंत्रांचं जेवण आता संध्याकाळी काम संपल्यावर ठेवलंय. कपडेपटाच्या ताई जरा कुरकुरल्या. मामा म्हणाले, “अहो ताई, यंत्रांना कसली भूक! तेल घाला दोन थेंब.” सगळी मंडळी खो खो हसली. मामा स्वभावाने विनोदी आहेत. मनाने फार चांगले.

शनिवार, १५

आजचा शॉट मी मरेपर्यंत विसरणार नाही.

यंत्रांची वीज तोडतात, तो प्रसंग होता. बाकीची यंत्रं ठरल्याप्रमाणे थांबली. सात नंबर मात्र थांबलं नाही. आधी त्याचा हात थरथरला. मग ते भिंतीला टेकलं. मग गुडघे हळूहळू वाकले आणि अख्खं धूड जमिनीवर आलं. कॅप्टननी कट म्हटलंच नाही, कॅमेरा चालू ठेवला. मग टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. “वा! काय कोसळलंय!” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्यांचा चेहरासुद्धा दिसणार नाही, त्यांच्यातही केवढी कला असते!

कट झाल्यावरही ते उठेना. तिघांनी ओढून बाजूला नेलं. ताईंनी डोकं उतरवल्यावर मी धावत अभिनंदन करायला गेले. बाई भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. मी म्हणाले, “काय केलंत हो तुम्ही!”

ती म्हणाली, “काय केलं मी?”

केवढा तो साधेपणा.

सोमवार, १७

शनिवारचं पान फाडून टाकावंसं वाटतंय. फाडणार नाही. राहू दे तिथेच.

सात नंबर हॉस्पिटलात आहे. सेटवरून घरी जाताना रस्त्यात पुन्हा पडली. अंगातलं पाणी संपलं होतं, डॉक्टर म्हणाले. ती अभिनय करतच नव्हती. मी टाळ्या वाजवत होते आणि ती आत मदतीला हाका मारत होती. त्या डोक्यातून आवाज दोन हातांपलीकडे जात नाही.

ताई आणि मी बघायला गेलो. हाताला सलाईन, केस विंचरलेले, तब्येत बरी वाटली. मला बघून म्हणाली, “ये ये. यंत्र दुरुस्तीला आलंय.”

तिनेच विषय काढला. “तुझं ते ‘मी आलं, मी केलं’, तूच लिहिलंस ना ग? कानाला गोड लागतं. पण एक सांगू? तू लिहायच्या आधी मामा मला ‘अहो मावशी, जरा सरका’ म्हणायचे. आता मला विचारत नाहीत, सरकवतात.”

“मला वाटलं होतं...” मी म्हणाले आणि थांबले.

“वाटलं असेल चांगलंच. तू काय वाईट आहेस होय? खा, केळं खा. माझ्याच्याने संपत नाहीत.”

‘ते’ म्हटलं की बाळासारखं जवळचं होईल, असं मला वाटलं होतं. ते खुर्चीसारखं झालं. यंत्रांना माणसांत आणायला निघाले होते आणि बारा माणसं सामानात नेऊन ठेवली. आणि मला कुणी शिकवलंही नव्हतं. ही सगळी माझी स्वतःची हुशारी!

बुधवार, १९

दोन गोष्टी झाल्या. दोन्हींमुळे डोकं तापलंय.

पहिली. बारांतल्या अकरा जणांनी मामांना सांगितलं की दोन शॉटच्या मधे डोकी उतरवा, सगळ्यांबरोबर जेवायला बसवा आणि मोठा पंखा लावा. यांच्यात वयाने सर्वांत मोठे एक नंबर आहेत, अंगाने काडी पण आवाज ढोलासारखा. ते बोलले. मामा कॅप्टनकडे गेले. कॅप्टन म्हणाले, “शेवटचा भाग होऊ दे, मग बघू.” शेवटच्या भागानंतर खोळी भंगारात जाणार आहेत. हे लहान पोरालाही कळतं.

दुसरी. शेवटच बदललाय. मूळ कथेत यंत्रं कारखान्याचं दार उघडून निघून जातात. आता चॅनलला ते नको. यंत्रांनी हात जोडून माफी मागायची आणि कामावर परत जायचं. मी विचारलं, “का?” कॅप्टन म्हणाले, “लोक जेवताना बघतात ग. यंत्रं जिंकली तर आपल्याच मिक्सरकडे बघून घास उतरायचा नाही त्यांना.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “माफी तू लिही. यंत्रांची भाषा तुझी. संवादाच्या पाटीवर नाव तुझं एकटीचं देतो, साहेबांचंही नाही.”

एकटीचं!

घरी कोरा कागद घेऊन बसले. एक ओळ लिहिली, ‘मी चुकलं.’ खोडली. बाबा बघत होते. “काय अडलंय?”

“यंत्रांनी कशाची माफी मागायची, बाबा?”

“यंत्रं कसली माफी मागतायत! इतकी वर्षं डेपोत आहे, रागावून एक बस बंद पडलेली बघितली नाही. यंत्र बंड करत नाही, बिघडतं.”

“आणि माणूस?”

“माणूस आधी सांगून बघतो.”

आई आतून म्हणाली, “दोघं जेवायला येताय का मी बिघडू?”

जेवले. कागद कोराच आहे. कोराच नेणार आहे. लिहून ठेवते, म्हणजे सकाळी धीर सुटला तर हे वाचता येईल: मी ती माफी लिहिणार नाही.

शुक्रवार, २१

जे झालं ते क्रमाने लिहिते. हात अजून दुखतायत.

सकाळी कॅप्टनना कागद दिला. “हे कोरं आहे,” ते म्हणाले. मी म्हणाले, “हो. मी माफी लिहिणार नाही.” ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते हसले. “बरं. तुझ्यावाचून काय अडतंय? साहेब लिहितील.” साहेबांनी पेन्सिल उचलली. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी निघाले तर मामांनी अडवलं. सात नंबरची खोळ रिकामी होती आणि मोठ्या फ्रेममध्ये बारा यंत्रं लागणार होती. “तुझ्या अंगाला येईल. लिहायचं नाही ना? मग उभी तरी राहा. उपकार कर माझ्यावर.” मी हो म्हणाले. मामांसाठी नाही. तिच्या जागी उभं राहून बघायचं होतं.

ताईंनी पाठीची चेन ओढली आणि डोकं चढवलं. मागच्या बाजूला चार खटके असतात, ते टकटक लागले. आपले हात तिथे पोचत नाहीत, कारण खोळीचे खांदे मागे वळतच नाहीत. आत दुसऱ्याच्या घामाचा वास. बाहेरचं सगळं विहिरीच्या तळातून ऐकू यावं तसं. स्वतःचा श्वास तेवढा मोठ्याने. पाच मिनिटांत माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला आणि तो पुसता येईना. हे लोक असे दिवसभर उभे असतात. आणि मी त्यांना गांभीर्य शिकवणार होते!

शॉट होत राहिले. दोन शॉटच्या मधे डोकी उतरलीच नाहीत. पंखा होता, पण तो कॅमेऱ्याकडे तोंड करून. मग शेजारच्या यंत्राने माझ्या दंडावर थोपटलं आणि काचेतून मला दिसलं, एक नंबर खाली बसले. मांडी घालता येत नाही, पाय पसरून बसले. मग दोन. मग चार, पाच. मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. मी बसले.

मामा धावत आले. “अरे, उठा रे बाळांनो, काय हे?”

एक नंबरांचा आवाज खोळीतूनही घुमला. “डोकी उतरवा, जेवू घाला. मग उठतो.”

कुणीतरी लांबून विचारलं, “काय बिघाड झालाय का?” मामा म्हणाले, “हो हो, जरा बिघाड आहे.” मी आतून ओरडले, “बिघाड नाही!” माझं मलाच ऐकू आलं, बाकी कुणालाही नाही.

कॅप्टन जवळ आले. एकदा सगळीकडे नजर फिरवली. आता चिडतील असं वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळला.

“थांबा, कुणी हात लावू नका. बसलीयत ती मस्त दिसतायत. अगदी हरल्यासारखी. कॅमेरा चालू कर. हेच घेऊ. मागून माफीचा आवाज भरून टाकू.”

मी त्या डबिंगच्या खोलीत कितीदा बसलेय. माणसाच्या तोंडात भलतं वाक्य बसत नाही, ओठ चुगली करतात. यंत्राला ओठच नाहीत. त्याच्यात काहीही भरता येतं. हे लोक नाही म्हणून बसले होते आणि घराघरांत ते माफी मागत बसलेले दिसणार होते. माझ्याच व्याकरणात!

माझ्या पुढ्यात तीन नंबर बसलं होतं. बसला होता, बसली होती, मला माहीत नव्हतं. मी जाड बोटांनी त्याच्या मानेमागचे खटके शोधले. एक निघाला. दुसरा निघेना, नख मोडलं. चौथा निघाल्यावर डोकं वर ओढलं. आतून एक टक्कल असलेला माणूस निघाला, लालबुंद. “ए, काय चाललंय!” तो ओरडला. मी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. त्याने कॅप्टनचं बोलणं ऐकलं असावं, कारण तो गप्प झाला आणि वळून दोन नंबरच्या मानेला हात घातला.

मग खटक्यांचा आवाज सुरू झाला. पुढचा मागच्याचं, मागचा पुढच्याचं. एक एक डोकं उतरत गेलं. एक नंबरांच्या मिशा घामाने ओघळल्या होत्या. नऊ नंबर तर माझ्याहून लहान मुलगी, गाल फुगवून श्वास घेत होती. तिने डोकं मांडीवर घेतलं आणि त्यावर दोन्ही कोपरं टेकून चक्क कॅमेऱ्यात बघितलं.

“कट! डोकी घाला! ते सात नंबर कोण आहे? त्याने सुरू केलं!”

माझ्या मागे कुणीतरी खटके काढत होतं. डोकं निघालं. हवा लागली. इतकी गोड हवा मी आयुष्यात घेतली नाही.

“मी आहे,” मी म्हणाले.

कॅप्टन दोन पावलं पुढे आले. मग अगदी दुखावल्यासारखे म्हणाले, “तू? तू आमच्यातली ना ग?”

“सर, आता भरा माफीचा आवाज. या तोंडांवर बसतो का बघा.”

कॅमेऱ्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी कपाळाला हात लावला. शूटिंग बंद. मला सांगण्यात आलं की पुन्हा तोंड दाखवायचं नाही. आजच तर पहिल्यांदा दाखवलं होतं!

शनिवार, २२

घरी सांगितलं. सगळं.

आई म्हणाली, “म्हणजे नाव नाही येणार.”

“नाही.”

ती ताटं उचलून आत गेली. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली. मला वाईट वाटलं. पण केल्याचं वाईट वाटत नाहीये, आणि दोन्ही गोष्टी एकाच पोटात कशा मावतात कळत नाही. बाबा बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत होते. मग म्हणाले, “डेपोत काय सांगू?”

“सांगा, मुलीचं नाव यायचं नाही.”

“एवढंच? आणि पुढचं?” चपला पायात सरकवून ते उठले. “पुढचं सांगायला दोन चहा लागतील.” सुट्टी असूनही डेपोत गेले.

दुपारी मामांचा फोन. कारखान्याचा सेट पाडायचाय, सोमवारी काम संपलंच पाहिजे. कॅप्टननी दोन अटी मानल्या. दर शॉटनंतर डोकी उतरणार, जेवण सगळ्यांबरोबर. पंख्याचं बघू म्हणाले.

“आणि माफी?” मी विचारलं.

“ती राहणार. चॅनलचा हट्ट आहे. तुला काय करायचंय? तुला काढलंय.”

“लिहिणारीला काढलंय. सात नंबरला नाही ना? मावशी अजून हॉस्पिटलात आहेत. ती खोळ दुसऱ्या कुणाच्या अंगाला येते?”

“तू मला खाणार आहेस,” मामा म्हणाले. “सोमवारी सकाळी सातला ये.”

सोमवार, २४

गेले. बारांतली एक होऊन रांगेत उभी राहिले. जेवण झालं, सगळ्यांच्या पंगतीला. दिवेवाल्याने पंखा आपणहून आमच्याकडे वळवला. कॅप्टन माझ्याशी बोलले नाहीत.

मग माफीचा शॉट आला. यात एक गंमत असते, ती मला खोळीत शिरल्यावरच कळली. यंत्राला तोंड नाही, म्हणून जे यंत्र बोलतंय त्याने मान हलवायची. मान हलली की बघणाऱ्याला कळतं, हे बोलतंय. नाहीतर आवाज कुणाचा तेच समजत नाही. शुक्रवारी सगळी मिळून हरल्यासारखी बसली होती, म्हणून नुसता आवाज चालला असता; आज माफी एका उभ्या यंत्राने मागायची होती.

मामांनी साहेबांची माफी मोठ्याने वाचली. ‘मी चुकलं. मी परत आलं.’ मान एक नंबरांनी हलवायची होती. हलली नाही.

“कट. एक नंबर, झोप लागली का?”

“नाही साहेब. जागा आहे.”

पुन्हा. नाही. मग चार नंबरला सांगितलं. नाही. नऊ नंबरला सांगितलं, मुलगी लहान आहे, ऐकेल. ती खांबासारखी उभी. अटी पाळल्या होत्या, कुणी बसलं नव्हतं, कुणी डोकं काढलं नव्हतं. नुसती मान हलत नव्हती.

कॅप्टन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काचेच्या अगदी जवळ. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलले. आवाज तोच मऊ.

“एकदाच हलव. एवढुशी. शेवटच्या पाटीवर नाव देतो तुझं. मोठ्या अक्षरात. घरचे बघतील.”

आईचं ते ताटं उचलून आत जाणं आठवलं. नाव पडद्यावर दिसलं असतं तर ती शेजारीपाजारी सगळ्यांना बोलवून आली असती. घाम कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. माझ्या एका बाजूला तीन नंबर होता, दुसऱ्या बाजूला नऊ. दोघांचे श्वास मला त्या विहिरीतूनही ऐकू येत होते.

“कॅमेरा,” कॅप्टन म्हणाले आणि मागे सरकले.

मामांनी वाचलं, ‘मी चुकलं.’

मानेवर एक माशी बसली होती, खोळीच्या आत. कुठून शिरली देव जाणे. चालत चालत ती कानामागे गेली.

तरी नाही हलवली.